चाळीस आवर्तनं, चार फ्रेम

पहाटे ५.१०

कॉलेजच्या फाटकाशी रिक्षातून उतरले तेव्हा एडिटर एकटीच पायरीवर बसली होती. कानांभोवती मफलर, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला कागद. हनुवटीखाली मोबाइल धरून त्याच्या उजेडात ती काहीतरी खोडत होती.

शूटिंगला एडिटरचं काय काम, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. माझं म्हणणं साधं आहे: रात्री ज्याला कापायचंय त्याने सकाळी ते घडताना बघावं. कुठे वारा होता, कुठे गाणारीचा घसा बसला होता, कुठला टेक कुणाच्या हट्टापायी पुन्हा घेतला, हे ज्याला माहीत असतं त्याचा हात कात्री चालवताना वेगळा चालतो.

मुलांची नावं इथे लिहीत नाही. शूटिंगच्या दिवशी आम्ही एकमेकांना कामाच्याच नावाने हाका मारतो. डायरेक्टर, कॅमेरा, प्लेबॅक, क्लॅप, एडिटर. गाणारीला मात्र सगळे ‘गाणं’ म्हणतात. ‘गाणं आलं का?’ ‘गाण्याला आधी चहा द्या.’ ऐकायला मला फार बरं वाटतं.

तो कागद म्हणजे आमची तीन आठवड्यांची कमाई. गाणं ३ मिनिटं १२ सेकंदांचं, केहरव्यातलं, लय मिनिटाला १०० मात्रांची. आधी चाल ९६ वर बसली होती. १०० वर नेली तर एक मात्रा ०.६ सेकंदाची होते, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने एका मात्रेला नेमक्या १५ फ्रेम येतात. ९६ वर तोच हिशेब साडेपंधराच्या पुढे लोंबकळतो. गाणारीला विचारलं. तिने दोन दिवस दोन्ही लयींत म्हणून बघितलं आणि म्हणाली, ‘शंभरवर जास्त चालल्यासारखं वाटतंय, मॅडम. पाणी वाढल्यासारखं.’ मग ठरलं. आठ मात्रांचं एक आवर्तन म्हणजे १२० फ्रेम. सगळं गाणं म्हणजे ४० आवर्तनं. कागदावर ४० चौकटी आणि प्रत्येक चौकटीत काय दिसणार त्याचं काडीमाणसांचं चित्र. काही चौकटी एकत्र जोडलेल्या, एक-दोन मधोमध चिरलेल्या.

स्टोरीबोर्ड कसा काढावा याचे छापील नमुने हवे तितके मिळतात. पण गाण्याचा स्टोरीबोर्ड कथेच्या चित्रपटासारखा काढला की मुलं फसतात. कथेत प्रसंग पुरा होईपर्यंत शॉट थांबतो. गाणं कुणासाठी थांबत नाही. म्हणून आधी मोजायचं. टाळीवर, बोटांवर, पायऱ्या चढताना. पहिला आठवडा आम्ही कॅमेऱ्याला हात लावला नाही.

५.४५

गंगावेशीत धारोष्ण दुधाचा एकेक ग्लास. म्हैस समोर, फेस ओठांवर. इचलकरंजीहून येणारी कॅमेरा म्हणाली, ‘मी दोन घेतो.’ आमच्या कोल्हापुराकडच्या मुली अशाच बोलतात. मी येतो, मी करतो, मी बघतो. दुसरीकडचे पाहुणे चमकतात.

६.१०

पंचगंगा घाट. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं, दोघेतिघे पोहणारे, पायऱ्यांवर एक आजोबा जानवं सावरत बसलेले. परवानगीचं पत्र क्लॅपच्या दप्तरात. कुणी विचारलं तर त्याने पुढे व्हायचं आणि आधी नमस्कार करायचा, हेही कॉलशीटवर लिहिलेलं आहे.

इथला उजेड समजून घ्यायला आम्ही आधी दोनदा येऊन गेलो होतो. सूर्य शहराच्या बाजूने वर येतो, म्हणून ऊन आधी नदीच्या पलीकडच्या काठावर पडतं. घाटाच्या पायऱ्या बराच वेळ सावलीतच राहतात. कॅमेऱ्याला ही गोष्ट पहिल्या भेटीत खटकली आणि दुसऱ्या भेटीत आवडली. मागे सोनेरी काठ, पुढे निळसर पायऱ्या, त्यात गाणारीचा पांढरा कुर्ता. ‘उजेड नसलेलाच बरा आहे इथं,’ ती म्हणाली. मी वहीत लिहून ठेवलं. दोन महिन्यांपूर्वी हीच मुलगी प्रत्येक चेहऱ्यावर दिवा मारत होती.

गाण्याबद्दल सांगायला हवं. ते गाणारीनेच लिहिलं आहे आणि चालही तिचीच. दुसऱ्याचं गाणं घ्यायचं नाही असा माझा नियम आहे. त्यात शब्दांचा हक्क एकाचा, सुरांचा दुसऱ्याचा, ध्वनिमुद्रणाचा तिसऱ्याचा असू शकतो, आणि विद्यार्थ्यांनी केलं म्हणून कायदा डोळे मिटत नाही. पण खरं कारण दुसरं आहे. स्वतःचं गाणं असलं की ‘इथं काय दाखवायचं?’ या प्रश्नाचं उत्तर वर्गातच बसलेलं असतं.

गाणारी प्रयाग चिखलीची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांची पंचगंगा होते ते हे गाव. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा ती शाळेत होती. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. हे आकडे नदीकाठच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या वर्षी पाणी त्या आकड्यांच्या कितीतरी वर गेलं. गाणं पुरावर नाही, पूर ओसरल्यानंतर भिंतीवर राहिलेल्या रेघेवर आहे.

६.५०

पहिला शॉट सगळ्यात लांबचा, कारण धुकं आठपर्यंतच टिकतं. घाटाच्या एका टोकाला ट्रायपॉड, दुसऱ्या टोकाच्या दीपमाळेपाशी गाणारी. लांब लेन्स. पहिल्या ओळीची पाच आवर्तनं एका दमात.

प्लेबॅकचं काम सांभाळणारा गडहिंग्लजचा मुलगा फार नेटका. गाण्याचे तुकडे पाडून आणलेले: मुखडा, पहिला अंतरा, पीस, दुसरा अंतरा. प्रत्येक तुकड्याआधी चार टकटक, म्हणजे गाणाऱ्याला उठाव मिळतो. स्पीकर वायरने जोडायचा, हे मी बजावलं होतं. ब्लूटूथ मध्येच तुटतो आणि अख्खा टेक पाण्यात जातो. वायर पुरली ती ट्रायपॉडच्या पायापर्यंतच. स्पीकर तिथेच ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. सकाळच्या शांततेत दीपमाळेपर्यंत स्वच्छ ऐकू जात होतं. गाणारीने हात वर करून खूण केली.

‘रोल कॅमेरा.’ ‘रोलिंग.’ ‘प्लेबॅक.’ टक, टक, टक, टक.

ती नुसते ओठ हलवत नव्हती, खरंच गात होती. हा आमचा दुसरा नियम. ओठांची हालचाल कुणालाही जमते, पण खोटं उघडं पडतं ते गळ्यावर. ओळीआधी छाती भरत नाही, स्वर वर गेला तरी मानेची शीर ताणत नाही, आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नसलं तरी विश्वास उडतो. पोहणारे पाण्यातच थांबून ऐकायला लागले. तिसऱ्या टेकला डायरेक्टर ‘ओके’ म्हणाला. मी पाचवा मागितला असता, पण तो बरोबर होता. पाचव्यापर्यंत धुकं राहिलं नसतं.

७.४०

आता ज्या शॉटची मुलं आठवडाभर वाट बघत होती तो. गाणारी पाण्यात गुडघाभर उभी राहून ओंजळ उचलते आणि गाते. पाणी संथ पडायला हवं, ओठ मात्र गाण्याशी जुळायला हवेत. संथ गतीसाठी सेकंदाला ५० फ्रेम टिपायच्या आणि २५ने दाखवायच्या. पण मग ओठही निम्म्या गतीने हलणार. त्यावर जुना तोडगा असा, की गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गाणारीने दुप्पट वेगाने गायचं.

शंभरची लय दोनशे होते तेव्हा काय होतं ते ऐकल्याशिवाय कळत नाही. स्पीकरमधून तिचाच आवाज चिवचिवत येत होता. पहिल्या टेकला जीभ अडखळली, दुसऱ्याला ओंजळ मागे राहिली, तिसऱ्याला थंड पाण्याने दात वाजायला लागले. प्लेबॅक काठावर उभा राहून दोन्ही हातांनी मात्रा दाखवत होता. चौथ्या टेकला तिने डोळे मिटले, ओठांवर बोटं ठेवून ओळ एकदा पुटपुटली आणि मग सलग म्हटली. १९ सेकंदांची ओळ साडेनऊ सेकंदांत.

कॅमेऱ्याने लगेच तिथेच छोट्या पडद्यावर २५च्या गतीने लावून दाखवलं. सगळे डोकी जोडून बघत होते. तीच घाईची, धापा टाकणारी ओळ; आणि पडद्यावर पाण्याचा प्रत्येक थेंब स्वतंत्र सुटतोय, ओठ मऊ उघडतायत. ‘आयला,’ एवढंच क्लॅप म्हणाला. गाणारी पंचात पाय गुंडाळून बसली होती. तिने स्वतःला बघितलं आणि काही बोलली नाही, पुन्हा लाव म्हणाली.

८.३०

शिवाजी पुलाजवळ चालण्याचे शॉट. डायरेक्टरचे लाडके. तो मागे मागे पळत, कॅमेऱ्याचा पट्टा धरून तिला सांभाळत, सात टेक. घामाघूम. यातले दोन फार चांगले झाले.

९.३०

मिसळ. खरी कॉर्नरच्या बाजूला मुद्दाम नेते, कारण तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी या भागातली. परदेशी कॅमेरा नव्हता म्हणून त्यांनी गावातच कॅमेरा बनवला आणि १९२०मध्ये त्याच कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. मुलांना हे पाठ असतं, पण स्तंभापुढे उभं राहून सकाळी स्वतः वापरलेला कॅमेरा खांद्यावर असताना ऐकलं की ते वेगळं ऐकू येतं.

आज मला त्यांना दुसरी गोष्ट सांगायची होती. प्रभात कंपनी १९२९मध्ये कोल्हापुरातच निघाली आणि १९३२मध्ये इथेच ‘अयोध्येचा राजा’ झाला, मराठीतला पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे. त्या काळी कॅमेऱ्यासमोर उभं राहूनच गावं लागे. वाजवणारे चौकटीच्या बाहेर लपून बसायचे आणि एकच माइक दोघांना सांभाळून घ्यायचा. गाणारा चुकला तर चित्रही फुकट, वाजवणारा चुकला तरी चित्र फुकट. पार्श्वगायन आलं ते १९३५च्या सुमारास, कलकत्त्यात, न्यू थिएटर्सकडे. म्हणजे त्याआधी आवाज आणि ओठ एकाच क्षणाचे असत. नंतर ते वेगळे झाले, आणि तेव्हापासून त्यांना पुन्हा जुळवणं हे एक काम होऊन बसलं. आपण आज सकाळपासून तेच करतोय.

मिसळीचा कट संपला होता, क्लॅपने आणखी मागवला. एडिटरने विचारलं, ‘मग जुळलं नाही तर किती चुकलं ते कसं कळायचं?’ मी म्हटलं, एक फ्रेम सेकंदाचा पंचविसावा भाग. एक चुकली तर सहसा कुणाला कळत नाही, तीन-चार चुकल्या की डोळा अडतो. तिने मान हलवली. संध्याकाळी हाच प्रश्न आमच्या गळ्यात येणार होता.

११.००

कार्ड उतरवणं. साधारण तासाभराचं चित्रण, पंचेचाळीस-पन्नास जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती होईपर्यंत कार्ड पुसायचं नाही. याबाबतीत मी कडक आहे. एके वर्षी एका गटाचा अख्खा दिवस असाच पुसला गेला होता, आणि त्या मुलांचे चेहरे मी अजून विसरलेले नाही.

१२.४५

चिखली. गाणारीच्या आजीचं घर. दगडी जोतं, वर विटांची भिंत, ओसरीवर चुना दिलेला. आतल्या खोलीत मात्र चुना नाही. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर, कोनाड्याच्या बरीच वर, एक आडवी रेघ. खाली मातकट, वर जुना फिका निळा. बाहेर दुपारचं ऊन भाजत होतं, आत दारातून येणारा एकच पट्टा. कॅमेऱ्याने दाराबाहेर थर्माकोलचा तुकडा तिरका धरायला लावला आणि तो उजेड भिंतीवर पसरला.

कागदाच्या हिशेबाने इथे सहा शॉट होते. रेघेचा क्लोजअप, कोनाड्यातला दिवा, गाणारी भिंतीला टेकून, खिडकीतून नदी, वगैरे. आजींचा शॉट नव्हताच. त्या चुलीपाशी बसून आमच्यासाठी भाकऱ्या थापत होत्या. प्रत्येकाला विचारून झालं होतं: तू कुणाचा, गाव कुठलं, घरी कोण असतं.

रेघेचा क्लोजअप लावताना फोकस बसेना, भिंतीवर धरायला काही नाही. कॅमेरा म्हणाली, ‘कुणीतरी बोट ठेवा की तिथं.’ आजी हात पुसत उठल्या. ‘काय बघताय गं त्यात?’

‘आजी, पाणी कुठवर आलं होतं ते बघतोय.’

आजींनी हात वर केला. पोचेना. टाचा उचलल्या. दाराच्या चौकटीपासून रेघेवर तळवा ठेवला आणि तसाच, भिंतीला लावलेलाच, पुढे नेत गेल्या. नव्या पातळाची घडी हाताने बसवावी तसा. मध्ये पोपडा आला तिथे बोटं किंचित उचलली, पुन्हा टेकवली. कोपऱ्यापर्यंत पोचल्यावर हात तिथेच ठेवून उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

कॅमेरा चालू होता. तिने फोकस बघायला म्हणून सुरू केला होता आणि बंद केला नव्हता. डायरेक्टरचं तोंड ‘कट’ म्हणायला उघडलेलं मी पाहिलं. त्याने ते मिटलं. बाहेर कोंबडं ओरडत होतं, कुणाची तरी मोटारसायकल गेली. आमच्या शॉटला आवाज लागणारच नव्हता, तरी सगळे श्वास धरून होते.

मग आजींनी हात काढला, तळव्याला लागलेली धूळ पदराला पुसली आणि म्हणाल्या, ‘चला, भाकरी निवती.’

जेवताना क्लॅपने हळूच विचारलं, आणखी एक टेक घ्यायचा का, जरा जवळून. मी उत्तर द्यायच्या आत डायरेक्टरच नाही म्हणाला. पुन्हा करायला सांगितलं असतं तर आजींनी केलंही असतं, आमच्यासाठी. पण मग तो हात आमच्यासाठी फिरला असता. रिपोर्टच्या कागदावर त्या शॉटला नंबर नव्हता. क्लॅपने ‘आजी, टेक १’ असं लिहिलं.

४.१५

एडिटिंगची खोली. पडदे ओढलेले, पंखा, दोन संगणक. मुलं डाव्हिन्ची रिझॉल्व्हवर काम करतात. त्याची फुकटातली आवृत्ती आम्हाला पुरते आणि घरी जाऊनही सराव करता येतो.

पहिलं काम जुळवणीचं. टाइमलाइनवर मूळ गाणं अंथरायचं, प्रत्येक आवर्तनाच्या समेवर एक खूण टाकायची, आणि मग एकेक टेक त्याच्यावर बसवायचा. कॅमेऱ्याच्या माइकने स्पीकरचा आवाज टिपलेला असतो. त्याच्या लाटेचा आकार मूळ गाण्याच्या लाटेशी जुळवला की चित्र आपोआप जागेवर येतं. संगणक हे काही सेकंदांत करतो. अंतऱ्याचे शॉट बसले. ओंजळीचा शॉट हाताने बसवावा लागला, तोही बसला. एडिटरने कागदावर एकेका चौकटीला बरोबरची खूण करायला सुरुवात केली.

५.३०

दीपमाळेचा शॉट लावला. धुकं, सोनेरी काठ, लांबवर छोटीशी पांढरी आकृती. फारच देखणा. ओळ संपली आणि कुणीच काही बोलेना.

‘काहीतरी घाण होतंय,’ डायरेक्टर म्हणाला.

ओठ गाण्याच्या मागे होते. थोडेसेच. आकृती लांब असल्याने आधी कळलं नव्हतं, पण हातही मागे, मानही मागे. संगणकाला विचारलं तर दोन्ही लाटा तंतोतंत जुळलेल्या. पुन्हा जुळवून बघितलं. तेच. तिन्ही टेकमध्ये तेच. गाणारीचा चेहरा उतरला. तिला वाटलं तीच उशिरा गात होती. ‘थंडीनं झालं असंल,’ ती पुटपुटली.

मी प्रामाणिकपणे लिहिते, मलाही लगेच कळलं नाही. कॅमेऱ्याची फ्रेमगती तपासली, फाइल तपासली, मूळ गाणं चुकून दुसऱ्या लयीचं तर नाही ना ते बघितलं. लय वेगळी असती तर फरक शेवटाकडे वाढत गेला असता. इथे तो पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत तेवढाच होता. मी मुलांना तेवढंच सांगितलं आणि चहा आणायला पाठवलं.

एडिटर गेली नाही. ती एकेक फ्रेम पुढे-मागे करत होती. ‘प’ने सुरू होणारा एक शब्द शोधला, कारण ‘प’ला ओठ मिटतात आणि उघडतात, तो क्षण लांबूनही दिसतो. गाण्यात ‘प’ कुठे फुटतो ते लाटेवर बघितलं, चित्रात ओठ कुठे उघडतात ते बघितलं. मोजलं. मग दुसरा ‘प’. मग ‘ब’. प्रत्येक वेळी चार.

‘चार फ्रेम मागं आहे, मॅडम. सगळीकडं चारच.’ ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. ‘स्पीकर कुठं होता?’

‘ट्रायपॉडपाशी.’

‘आणि ही तिकडं लांब.’

तिने पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. चार फ्रेम म्हणजे ०.१६ सेकंद. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४० गुणिले ०.१६, चोपन्न आणि वर थोडं. ‘आवाज तिच्यापर्यंत पोचायलाच तेवढा वेळ गेला. ती बरोबरच गातीय. तिला ऐकू आलं तेव्हा गातीय. कॅमेऱ्यानं मात्र स्पीकर लगेच ऐकला.’

चहा घेऊन मुलं आली तेव्हा ती चित्र चार फ्रेमनी अलीकडे ओढून बसली होती. लावलं. ओठ गाण्यावर आले. गाणारी खुर्चीत पुढे सरकून बघत होती. तिचे खांदे खाली आले. ‘तू चुकली नव्हतीस,’ एडिटर तिला म्हणाली, आणि मग दोघींनी एकच बिस्कीट मोडून खाल्लं.

वायरीचा आग्रह माझा होता, त्यामुळे हा दोष माझ्या खात्यावर लिहायला मी क्लॅपला सांगितलं. प्लेबॅक म्हणाला, पुढच्या वेळी स्पीकर दीपमाळेमागे लपवू. एडिटरने मान हलवली. ‘मग उलटं हुईल. ही बरोबर गाईल, पण कॅमेऱ्यापर्यंत आवाज उशिरा येईल. ओठ पुढं पळतील.’ तो विचारात पडला. म्हणजे लांबच्या शॉटला लाटेवर भरवसा ठेवायचाच नाही, ओठ बघायचे. माझ्या इतक्या वर्षांच्या टिपणांत ही ओळ नव्हती. आज घातली.

८.१५

कच्चा कट. डबे उघडे, कुणीतरी वडापाव आणलेले.

नवशिका एडिटर प्रत्येक समेवर कापतो. पहिल्या वेळी मजा वाटते, चौथ्या वेळी प्रेक्षक पुढचा कट आधीच ओळखतो आणि मग गाणं ऐकायचं सोडून खटके मोजत बसतो. मला कट श्वासाच्या आधी हवा असतो. गाणारी श्वास घेते तो पुढच्या शॉटमध्ये दिसला पाहिजे, म्हणजे ओळ तिच्यातूनच निघाल्यासारखी वाटते. आमच्या एडिटरने पहिल्या अंतऱ्यात सात कट समेवर ठेवले होते. त्यातले चार तिने स्वतःच दोन-तीन फ्रेम अलीकडे घेतले, मग एक सरळ काढून टाकला. काढलेल्या कटाने शॉट लांबला, आणि त्यात गाणारीने केस मागे सारलेले दिसले, जे आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग आजींचा हात.

मधल्या पीसमध्ये, जिथे नुसती बासरी आहे, तिथे तो जाणार यावर सगळ्यांचं एकमत. पण कागदावर तिथे शिवाजी पुलावरचे चालण्याचे शॉट होते. तीन चौकटी, तीन आवर्तनं, ३६० फ्रेम, सात टेकची मेहनत. आजींना दोन चौकटी देऊन बघितलं. हात कोपऱ्यापर्यंत पोचायलाच अकरा सेकंद घेत होता आणि दोन आवर्तनांत मिळत होते ९.६. अर्ध्यातच कापल्यासारखं झालं. क्लॅप म्हणाला, शॉटचा वेग थोडा वाढवू, कळणार नाही. वाढवून बघितला. हात भिंतीवरून घसरल्यासारखा गेला.

‘नको,’ कॅमेरा म्हणाली. ‘आजी असा हात फिरवत नाही.’

कुणीच काही बोलेना. सगळे डायरेक्टरकडे बघत होते, आणि तो टाइमलाइनवरच्या आपल्या पुलाकडे. माझ्या जिभेवर उत्तर होतं, मी वडापाव हातात घेऊन खिडकीशी गेले. मागून कळ दाबल्याचा आवाज आला, मग आणखी एकदा. वळून बघितलं तर पूल गेला होता. तीन चौकटींची रिकामी जागा होती, आणि तो एडिटरला म्हणत होता, ‘सगळी दे आजीला.’

अकरा सेकंद हात. उरलेले जवळपास साडेतीन सेकंद तो कोपऱ्यावर तसाच ठेवलेला. बासरी तिथे खाली येते आणि गाणारीचा आवाज पुढच्या ओळीला उठतो. ते कुणी योजलेलं नव्हतं. कागदावर एडिटरने तीन चौकटींवर एकच आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं: आजी.

१०.२०

रंगांचं काम उद्यावर. प्रत दोन डिस्कवर. गाणारीने तेवढाच तुकडा मोबाइलवर घेतला, चिखलीला दाखवायला. खोलीला कुलूप. फाटकापाशी प्रत्येकाला न्यायला कोण आलंय ते बघितलं, ज्यांना कुणी आलं नव्हतं त्यांना रिक्षात घातलं. एडिटर पुठ्ठा छातीशी धरून उभी होती.

‘चोपन्न मीटर खरंच असंल का हो, मॅडम?’

‘हिशेब तर तसा आलाय.’

ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.०५

मोबाइलवर तिचा निरोप. सोबत फोटो: धुक्यातला घाट, या टोकाच्या पायरीवर तिची चप्पल, लांबवर दीपमाळ.

‘मॅडम, घाटावर जाऊन मोजून आलो. बहात्तर पावलं. माझं पाऊल पाऊण मीटरचं आहे, घरी पट्टीनं बघितलं.’